मागच्या माणसाचा शब्द

त्या काचेच्या कारखान्यात सगळे त्याला कुजबुज म्हणत, आणि त्यात कुणाचीही चूक नव्हती. काही माणसांचा आवाज बसतो. याचा कधी उठलाच नव्हता. चाळिशी ओलांडलेला, खांद्याने रुंद, हाताने पक्का. त्याने धरलेली काच अकरा वर्षांत एकदाही निसटली नव्हती. पण तो बोलायला लागला की समोरच्याची मान आपोआप पुढे यायची आणि हात कानामागे जायचा. सकाळी हजेरीला तो ‘हजर’ म्हणे, तेव्हा मालक मान वर करून बघत आणि तो दिसला की खूण करत. त्याची हजेरी दिसण्यावर चाले, ऐकण्यावर नाही.

घरी हीच गोष्ट जरा जास्त टोचायची, कारण त्याची बायको एका कवायत मास्तरांची लेक होती. मास्तरांनी तीस वर्षं शाळेच्या मैदानावर आठशे पोरांना भोंग्याशिवाय ‘सावधान’ करून दाखवलं होतं. निवृत्त झाल्यावर मैदान सुटलं, आवाज काही सुटला नाही. ते दोन गल्ल्या पलीकडे राहत आणि रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला लेकीकडे चहाला येत. खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसत आणि विचारत, “काय जावईबापू, आज काय विशेष?”

जावई काहीतरी सांगे. मास्तर लेकीकडे वळत. “बोलले का गं ते? की पंख्याचा वारा आला?”

रोज हाच विनोद. अकरा वर्षं कुजबुज त्यावर हसत आला होता, तेही आवाज न करता.

कारखान्यात त्याचं काम मागच्या खोलीत होतं. कापलेल्या काचेच्या कडा ओल्या दगडावर घासून गुळगुळीत करायच्या. दगड दिवसभर घरघरत असे, वरून पाण्याची धार, खाली पावलं बुडतील एवढा राखाडी चिखल, आणि भिंतीत वर एक लहानसा झरोका. तिथे आवाजाची गरज नव्हती. ओरडलं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. त्यामुळे मालकांना वाटे, योग्य माणूस योग्य जागी आहे. कुजबुजला तसं वाटत नसे. त्याने कडा घासलेल्या काचा गावभर लागल्या होत्या, दुकानांना, शाळांना, जिन्यांना. पण कारखान्यात तो दिवस निघण्याआधी येई आणि कामाचा माणूस म्हणून कुठेही पाठवला न जाता घरी परते. आपली काच भिंतीत बसताना कशी दिसते, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. लेकीला सासरी पाठवावं आणि घर कुठलं ते माहीत नसावं, तसं त्याला होई. हे तो कुणाला बोलला नव्हता. बोलला असेल तर ऐकू आलं नव्हतं.

मग मालकांनी मोठ्या काचा बसवायची कामं घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी एक मिस्त्री आणला. हा दहा गावचं पाणी प्यायलेला गडी होता, पंचावन्नचा, मिशा पांढऱ्या, बोटं पोलादी. भाषा स्पॅनिश. इथल्या भाषेतले तीनच शब्द त्याला येत: चहा, उद्या आणि नको. कारखान्यातला पुट्टीवाला म्हणाला, “एवढ्यावर माणूस मंत्रीसुद्धा होऊ शकतो.”

मोठी काच दोघांनी न्यायची असते. पुढच्याची नजर पायाशी असते: उंबरा, पायरी, सांडलेलं पाणी. मागच्याला मात्र काचेतून आरपार सगळं दिसतं, कोण येतंय, कोण वळतंय. म्हणून पाय पुढच्याचे आणि तोंड मागच्याचं, असा मिस्त्रीचा नियम होता. मागच्याने एकच शब्द म्हणायचा. विद्रिओ. म्हणजे काच.

“मग काचच म्हणू की,” मालक पहिल्या दिवशी म्हणाले होते. “सोपं आहे.”

मिस्त्रीने तेही करून पाहिलं. पण त्या कारखान्यात ‘काच’ हा शब्द दिवसातून पाचशे वेळा वापरला जाई. काच आण, काच पूस, काच कुठे ठेवली, काचवाले आहेत का. ज्या हाकेला रोज पाचशे वेळा ओ द्यायची नसते, त्या हाकेकडे एकदा तरी कोण लक्ष देणार? मागचा गडी ‘काच, काच’ ओरडत मधून जाई आणि लोक ‘हो, काचच आहे’ म्हणत आपलं काम करत राहत. परका शब्द मात्र कुणी दुसऱ्या कशाला वापरत नव्हतं. तो कानावर पडला की एकच गोष्ट घडत असे: काच चालती झाली आहे. मिस्त्रीने बोटांवर मोजून तो म्हणायच्या जागाही ठरवून दिल्या. उचलताना. वळणावर आणि दारात. माणूस आडवा आला की. आणि खाली ठेवताना. चारच. पाचवं बोट तो मुठीत दाबून दाखवी आणि म्हणे, “नको.”

मिस्त्रीबरोबर मागे असणारा गडी खांदा दुखावून घरी बसला, तेव्हा मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. हात कुणाचे सर्वांत स्थिर, यावर वाद नव्हता.

“कुजबुज, येतोस का बाहेर?”

कुजबुज काहीतरी म्हणाला. मालकांनी त्याच्या मानेच्या हालचालीवरून तो होकार धरला.

पहिल्याच दिवशी अंगणात तालीम झाली. कुजबुजने काच उचलली ती फुलासारखी. मिस्त्रीने खूश होऊन मिशीवर हात फिरवला असता, पण हात अडकले होते. वळणावर पुट्टीवाला डबा घेऊन समोरून येत होता. कुजबुजने त्याला पाहिलं, घसा साफ केला, आणि म्हणाला, “विद्रिओ.”

कसं म्हणाला? देवघरात झोपलेल्या माणसाला उठवावं, पण उठला नाही तरी चालेल, अशा बेताने म्हणाला. पुट्टीवाला सरळ येऊन काचेवर आदळला. काच वाचली, पुट्टीवालाही वाचला. पण काचेवर त्याचं कपाळ, नाक आणि हनुवटी अशी ठसठशीत उमटली की दिवसभर लोक येऊन बघून जात होते.

“बोलायचं तरी!” पुट्टीवाला नाक चोळत म्हणाला.

“बोललो,” कुजबुज म्हणाला.

“काय?”

“बोललो.”

“अरे, पण काय बोललास?”

मिस्त्रीने काच भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. “नको,” तो म्हणाला.

मालकांनी मुदत दिली. शनिवारी डोळ्यांच्या दवाखान्यात मोठं काम होतं; आठ फूट बाय सहा फूट काच, बसायची खोली आणि तपासायची खोली यांच्यामधली. “शनिवारपर्यंत जमलं तर तू कायमचा बाहेर. नाही तर आत, दगडाशी. मला काही वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि तूही घेऊ नकोस.”

त्या संध्याकाळी मास्तर चहा पिऊन गेल्यावर कुजबुजने बायकोला सगळं सांगितलं. तिला मात्र त्याचं ऐकू येत असे. अकरा वर्षांत तिचा कान तयार झाला होता.

“एवढंच ना?” ती म्हणाली. “चला, गच्चीवर.”

“आत्ता?”

“मग काय शुक्रवारी रात्री? चला.”

गच्चीवर ती एका टोकाला उभी राहिली, हा दुसऱ्या टोकाला. मध्ये वाळत घातलेल्या चादरी.

“म्हणा.”

“विद्रिओ.”

“म्हणा की!”

“म्हटलं.”

“अहो, चादरसुद्धा हलली नाही. पोटातून काढा. बाबा म्हणायचे, आवाज गळ्यात नसतो, बेंबीत असतो.”

“माझ्या नसेल.”

“सगळ्यांच्या असतो. मला राग आणा बरं. नाही, थांबा, मीच तुम्हाला आणते. परवा तुमच्या बहिणीने मला काय म्हटलं ते सांगू?”

तिने सांगितलं. कुजबुजने मान डोलावली आणि म्हणाला, बहिणीचं तसं थोडं बरोबर होतं. त्यानंतर चादरीपलीकडून जो आवाज झाला तो बायकोचा होता, आणि तो खालच्या मजल्यापर्यंत गेला.

पण हळूहळू दगडालाही पाझर फुटला. बुधवारी चादर हलली. गुरुवारी शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. आणि एकदा आवाज सापडल्यावर कुजबुजचं नव्या सायकलवाल्यासारखं झालं. कारण नसताना घंटी वाजवायची. बायको कपाटाचा आरसा पुसायला गेली, विद्रिओ! खिडकी उघडली, विद्रिओ! मास्तर पाच वाजता येऊन बसले, हा काचेच्या पेल्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि त्याने मागून अशी काही हाक दिली की मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र दोन जागी फाटलं.

“काय झालं? कोण आहे? चोर?”

“चहा,” बायको म्हणाली. “बाबा, चहा आहे.”

“चहाला एवढं ओरडायचं?” मास्तरांनी लेकीच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो ट्रे घेऊन खाली मान घालून उभा होता. इतका गरीब दिसत होता की मास्तरांनी बाहेर डोकावून बघितलं. “रस्त्यावरचा कुणीतरी असणार. हल्ली लोक काहीही ओरडतात.”

शुक्रवारी सकाळी कारखान्यात तो फाटकातून आत आला तोच ओरडत. हात रिकामे, डबा काखेत. पुट्टीवाल्याने पुट्टीचा डबा टाकून भिंतीकडे उडी मारली. काच कापणारा हातातला कापायचा हिरा तसाच धरून जागच्या जागी थिजला, आणि मोजून आखलेली रेघ वाकडी गेली. मग सगळ्यांनी पाहिलं, काच कुठेच नव्हती.

मिस्त्री चिडला नाही. तो चालत आला, कुजबुजचे दोन्ही हात धरून उताणे केले, रिकाम्या तळव्यांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. मग खिशातून काच पुसायचं फडकं काढलं आणि कुजबुजच्या डोळ्यांवर बांधलं. त्याला खांद्याने धरून अंगणाच्या मध्ये नेलं, पाठीत हलकी थाप मारली. चाल.

कुजबुज चालला. चार पावलं गेला तोच उजवीकडून, अगदी कानाजवळ, मिस्त्रीचा आवाज आला, “विद्रिओ,” आणि त्याच क्षणी त्याचं कोपर थंडगार कडेला लागलं. उशीर. पुन्हा मध्ये आणून उभं केलं. या वेळी अंगणाच्या पार टोकाहून हाक आली. तो थांबला. खूप वेळ थांबला. काही घडलं नाही. तो चालायला लागला, आणि आदळला. लवकर. तिसऱ्यांदा हाक आली ती तीन-चार पावलांवरून, ना चढी ना पडती, सरळ त्याच्या छातीवर. तो थांबला. समोरून काहीतरी गेलं. दिसत नव्हतं, पण नाकाला गारवा लागला, आणि कुठल्यातरी कपड्याच्या घासण्याची सळसळ. मग थोड्या अंतरावर तोच शब्द आला, पण आता इतका हळू, की तो कुजबुजसाठी नव्हताच. काच खाली टेकल्याचा लाकडावरचा बारीक ‘ठक’ ऐकू आला.

फडकं काढल्यावर कुजबुजने पाहिलं, काचेच्या दुसऱ्या टोकाला मालक बोटं झटकत उभे होते.

“हा शेवटचा हळू का?” त्याने विचारलं.

मालकांनी कान पुढे केला. त्याने पुन्हा विचारलं. आवाज बरा निघाला.

“तो गावासाठी नसतो रे,” मालक म्हणाले. “तो फक्त दुसऱ्या टोकाच्या माणसाला. म्हणजे तो खालून बोटं काढतो. तिथे ओरडलास तर माणूस दचकतो आणि बोटं तिथेच राहतात. मला आज कळलं, पहिल्यांदा बोटं काढायला चुकलो तेव्हा. चार दिवसांचा फोड येणार आहे अंगठ्याला.”

कुजबुज त्या रात्री गच्चीवर गेला नाही. बायको म्हणाली, “चला की, शेवटचा दिवस आहे.” तो म्हणाला, नको, हातात काच नाही.

शनिवारी दहा वाजता दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. बसायची खोली लांबट होती. दोन्ही भिंतींना बाक, आणि बाकांवर वीस-बावीस म्हातारी माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले. कुणी डोळे मिटून, कुणी काळा चष्मा लावून, कुणी रुमालाने पाणी टिपत. चिठ्ठ्या घेणारी बाई म्हणाली, “जपून हं. यांना आत्ता भिंत आणि दार यातला फरक कळत नाही, काचेचं तर नावच नको. बंद ठेवणार होतो आज, पण डॉक्टर म्हणाले, लोक लांबून आलेत.”

दोघांनी काच उचलली. कुजबुज म्हणाला, “विद्रिओ.” नीट. दारात पुन्हा म्हणाला. बाकांवरची पावलं आत ओढली गेली. मिस्त्री पुढे, नजर जमिनीवर. खोली निम्मी झाली, आणि कुजबुजला काचेतून दिसलं की समोरच्या बाकाच्या टोकाला त्याचे सासरे बसले आहेत.

मास्तर डोळे दाखवायला येणार हे त्याला माहीत होतं. दिवस हाच, हे कुणी बोललं नव्हतं. ते मिटल्या डोळ्यांनी ताठ बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, “अकरा नंबर माझा. आत्ता चौदा गेला. याला व्यवस्था म्हणतात? मी विचारतो.” आणि ते उठले. डोळे किलकिले करून, छाती काढून, तपासायच्या खोलीच्या दिशेने निघाले. म्हणजे सरळ काचेच्या दिशेने. आठ फुटी काच त्यांच्या लेखी नव्हतीच.

आता हाक द्यायची. तीन-चार पावलं उरली होती. पण सासऱ्यांना त्याने आजवर ‘या’ आणि ‘बसा’ याखेरीज काही करायला सांगितलं नव्हतं, तेही त्यांनी ऐकलं नव्हतं. ते आले, बसले, ते स्वतःहून. त्यांच्यावर ओरडायचं? भर दवाखान्यात? ‘अहो, जरा’ असे दोन शब्द जिभेवर आलेदेखील. ‘अहो, जरा’ने काय होतं ते त्याला ठाऊक होतं. पुट्टीवाल्याचं नाक त्याला आठवलं. आणि नाकाला लागलेला तो गारवा.

“विद्रिओ!”

चिठ्ठ्या घेणाऱ्या बाईचं पेन थांबलं. आत डॉक्टरांचा हात कुणाच्यातरी पापणीवर थांबला असावा, कारण आतून ‘आई गं’ आलं. आणि मास्तर, ज्यांनी तीस वर्षांत एकाही माणसाचा हुकूम घेतला नव्हता, टाचेला टाच जुळवून, हात मांड्यांशी सरळ ठेवून, जागच्या जागी खाड्‌कन उभे राहिले. सावधान. काच त्यांच्या नाकापुढून चार बोटांवरून सरकत गेली.

गेल्यावर मास्तरांनी दीर्घ श्वास घेतला.

“वा!” ते हवेत कुठेतरी बघत गरजले. “आवाज हवा तर असा! कोण आहेत हो आपण? छाती काय, नेम काय! आमच्या जावयाला चार दिवस तुमच्याकडे शिकायला पाठवतो. बिचारा फार चांगला आहे, पण बोलला की पंखा लावल्यासारखं वाटतं.”

बाकांवर हशा पिकला. हातात काच असताना दुसरा शब्द बोलायचा नसतो. कुजबुज मान खाली घालून चालत राहिला, आणि त्याचे कान लाल झालेले फक्त काचेला दिसले असतील.

चौकटीपाशी पोचल्यावर त्याने काच हळूहळू उतरवली आणि अगदी हळू, स्वतःच्या जुन्या आवाजात म्हणाला, “विद्रिओ.” मिस्त्रीने बोटं काढली. ठक.

काच बसली. दोघांनी पुट्टी भरली, पुसली, आणि कुजबुज दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला. पलीकडे डॉक्टर, अलीकडे बाक, मध्ये काही नाही. कड कुठे होती ते फक्त त्याला माहीत होतं. मिस्त्रीने त्याला हवा तेवढा वेळ बघू दिलं. मग जुन्या गड्याचे चामड्याचे पंजे पिशवीतून काढले, कडा धरताना तळव्याला बांधायचे, घामाने काळे पडलेले, आणि त्याच्या हातावर ठेवले.

“उद्या,” तो म्हणाला.

“उद्या रविवार आहे,” कुजबुज म्हणाला.

मिस्त्रीने ऐकलं. एकदाच सांगावं लागलं. “नको,” तो म्हणाला आणि हसला.

संध्याकाळी पाचला मास्तर आले ते लेकीचा हात धरून. डोळ्यांतलं औषध अजून उतरलं नव्हतं, काळा चष्मा होता. खुर्चीत बसता बसता सुरू झाले.

“काय माणूस होता! सहा फूट तरी असणार. शब्द कुठला होता देव जाणे, पण कळायला एक क्षण लागला नाही. माझ्या टाचा आपोआप जुळल्या गं! तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जुळवल्या.” मग नेहमीप्रमाणे, “काय जावईबापू, आज काय विशेष?”

बायकोने स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याकडे पाहिलं. दारामागे खुंटीला चामड्याचे पंजे लटकत होते; तिने दुपारीच विचारून घेतलं होतं. “सांगा की,” ती ओठांनीच म्हणाली.

कुजबुज ट्रे घेऊन आला. मास्तरांनी अंदाजाने हात पुढे केला होता, बोटं हवेत चाचपडत होती. गरम चहाचा काचेचा पेला त्याने त्या बोटांजवळ नेला, खाली वाकला, आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जाईल इतपतच म्हणाला,

“विद्रिओ.”

मास्तरांची बोटं थांबली. मग सावकाश, नीट, पेल्याभोवती मिटली. पंखा फिरत होता.

“तुम्ही?” मास्तर म्हणाले. इतकं हळू, की लेकीने स्वयंपाकघरातून मान पुढे केली आणि हात कानामागे नेला.

“हं,” कुजबुज म्हणाला.

मास्तरांना ऐकू आलं.